उजव्या हाताच्या बांगड्या

कसबा बावड्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की सकाळी दार उघडल्याबरोबर मळीचा वास घरात शिरतो. बाहेरगावचा पावणा नाकाला रुमाल लावतो, बावडेकराला मात्र त्याशिवाय चहा गोड लागत नाही. अशाच एका सकाळी बयाबाई कासारीण भरमाप्पांच्या सोप्यात बांगड्यांची पाटी उतरवून बसली होती. भरमाप्पा गुळाचे अडत्ये, घर लिंगायताचं, खाऊनपिऊन सुखी. एकुलता मुलगा सोमशेखर बापाबरोबर अडत बघायचा. धाकटी शांभवी कॉलेजात जायची. आणि बयाबाईपुढं हात करून बसलेली पवित्रा ही या घरची सून.

"हातभर भर बघ हिला," सासूबाई रत्नव्वा म्हणाल्या. "परमुलखात निघालीया. कुणी मोकळ्या हाताची म्हणाय नको."

"हात ढिला सोड, पोरी," बयाबाई म्हणाली. "मूठ वळली की बांगडी तडकती."

डाव्या हातात हिरव्यागार बांगड्या अगदी घट्ट, मनगटाला चिकटून बसल्या. उजव्या हाताची पाळी आली तेव्हा बयाबाईनं न सांगता पाटीतल्या एक माप मोठ्या उचलल्या. रत्नव्वांची नजर बारीक.

"उजव्या हातात एवढ्या ढिल्या का गं?"

"पिस्तूल धरून धरून पंजा रुंद झालाय की पोरीचा. घट्ट कशा जातील?"

माजघराच्या दाराआड शांभवीला हसू आवरेना. पवित्रानं मान खाली घातली. अहो, पंजा कसला रुंद आणि काय! त्या ढिल्या बांगड्यांमागं एक गुपित होतं आणि ते रत्नव्वा सोडून घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

पवित्रा पिस्तूल नेमबाजी खेळायची. खेळ दोन भागांत असतो. पहिल्यात सावकाश, बेतानं नेम धरायचा. दुसरा भाग झटपट गोळीबाराचा. त्यात हात खाली सोडून उभं राहायचं. पंचवीस मीटरवर लाल दिवा जळत असतो. तो हिरवा झाला की तीन सेकंदांत हात वर, नेम, गोळी. पुन्हा लाल दिवा, पुन्हा हात खाली. या खेळाचा एक कडक नियम आहे. पिस्तूल धरायच्या हाताचं मनगट मोकळं पाहिजे. घड्याळ नको, कडं नको, बांगडी तर नकोच, कारण मनगटाला आधार मिळेल असं काहीही चालत नाही. आणि रत्नव्वांचा नियम त्याहून कडक होता. सवाष्णीचं मनगट क्षणभरसुद्धा मोकळं दिसता कामा नये. मोकळं झालं की नवऱ्याच्या आयुष्यावर संकट आलं म्हणून समजायचं.

तोड काढली ती सोमशेखरनं. खरं तर पिस्तुलाचा शौक त्याचाच. निवृत्त सुभेदार हंबीरराव शहराबाहेर पोरांना नेमबाजी शिकवायचे. लग्नानंतर हा तिथं जायला लागला. शौक दांडगा आणि नेम शून्य! एकदा बायको डबा द्यायला आली, तेव्हा हंबीरराव वैतागून म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी बघा मारून. ह्यो गडी म्हस बी चुकवंल." पवित्रानं मारलं, आणि मग हंबीररावांनी तिला सोडलंच नाही. सोमशेखरनं त्या दिवसापासून पिस्तूल ठेवलं. सरावाच्या आधी तो बायकोच्या उजव्या हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवायचा, रुमालात गुंडाळायचा, सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून बटण लावायचा. सराव संपला की तिथंच, सगळ्यांच्या देखत, परत चढवायचा. पोरं शिट्ट्या मारायची. "मारा रं मारा," तो म्हणायचा, "तुमच्या बायका असं हात देतात का बघू."

"अव्वांना सांगूया की एकदा," पवित्रा म्हणायची. सासूपासूनची ही चोरी तिला सोसत नव्हती.

"सांगतो की. मेडल आलं की सांगतो. मेडलाम्होरं बांगड्या कोण बघतंय?"

चुकलंच त्याचं. खंडे नवमीला हीच रत्नव्वा सुनेच्या पिस्तुलाला हळदकुंकू वाहायची आणि गल्लीला बोलावून दाखवायची. असल्या सासूला धीर करून खरं सांगितलं असतं तर चार दिवस आदळआपट झाली असती, मग निभावलं असतं. पण आपल्या घरांत आईला दुखवायचं नाही म्हणून खोटं बोलायची पद्धत आहे, आणि तिला आपण प्रेम म्हणतो.

मलेशियात आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. देशाच्या संघात पवित्राचं नाव लागलं, हंबीरराव शिक्षक म्हणून निघाले. स्टेशनवर मुंबईच्या गाडीशी सोमशेखरनं नेहमीसारखा तिचा उजवा हात हातात घेतला.

"आत्ता कशाला?" ती म्हणाली. "तिथं काढतो की मी."

"तिथं हरवशील, न्हायतर फोडशील. माझ्याजवळ असूंदेत." त्यानं बांगड्या उतरवल्या, रुमालात बांधल्या, खिशात टाकून बटण लावलं. "परत आलीस की हितंच चढवतो. मेडल घेऊन आलीस तर घरी, अव्वाम्होरं."

"आणि न्हाय आलं तर?"

"तर हितंच. गुमान."

ती हसली. गाडी हलली तेव्हा तो खिशावर हात ठेवून उभा होता.

सावकाश नेमाचा भाग संपला तेव्हा पवित्रा पहिल्या आठांत होती. झटपट गोळीबार दुसऱ्या दिवशी होता. त्या दुपारी हॉटेलात हंबीररावांच्या खोलीत फोन वाजला. पलीकडं भरमाप्पा होते.

"हंबीरराव, आमचा सोमू गेला हो."

आदल्या संध्याकाळी पेठेतून घरी येताना रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता. अंधार पडत होता. सोमशेखरची स्कूटर तिच्यावर गेली. एवढंच. भरमाप्पांच्या मागून बायकांचा आक्रोश ऐकू येत होता.

"पोरीला आत्ता सांगू नका," भरमाप्पा म्हणाले. "तिचा खेळ होऊंदे. तवर आम्ही माती देऊन घेतो."

हंबीररावांनी फौजेत असताना असले निरोप पुष्कळ घरांना पोचवले होते. विमानाचं तिकीट बदलून मागायला त्यांनी लगेच दुसरा फोन केला, आणि मग ते पवित्राच्या दारावर गेले. तिचं दुःख तिच्यापासून चोरून ठेवायचा आपल्याला काय हक्क, एवढंच त्यांना कळत होतं.

"पवित्रा, खाली बस." आणि त्यांनी सांगितलं.

ती बसली नाही. भिंतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बांगड्या त्यांच्या खिशात होत्या."

"विमान परवाचं हाय. बदलून मागितलं, मिळंना. कायबी केलं तरी मातीला पोचत न्हाय आपण."

"मग उद्या मी काय करू?"

"ते मी सांगणार न्हाय, पोरी."

"हितं खोलीत बसून काय करू?"

रडू येईल म्हणून पवित्रा वाट बघत बसली. आलं नाही. अंग कुणी बाहेरून गोठवावं तसं झालं होतं, डाव्या हाताची मूठ वळली होती ती सुटत नव्हती.

सकाळी मैदानावर तपासनीस बाईनं तिचा उजवा हात धरला, मनगट फिरवून पाहिलं आणि मान हलवली. ठीक आहे. मोकळं मनगट बघून काही न म्हणणारी बाई बावड्यात सापडली नसती. मग पवित्रा आपल्या जागेवर उभी राहिली. लाल दिवा. हात खाली. या लाल दिव्यातच एरवी छाती धडधडायची, पाठीमागं सोमशेखर बाकावर बसलेला जाणवायचा. आज काही नव्हतं. हिरवा झाला, हात उठला, गोळी गेली. तिला आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. आपला हात कुणा दुसरीचा असावा तशी ती त्याच्याकडं बघत होती. पुन्हा लाल. पुन्हा हिरवा.

ती तिसरी आली. पदक गळ्यात पडलं तेव्हा शेजारच्या परदेशी मुलीनं तिचा डावा हात हातात घेतला, बांगड्या किणकिणल्या, ती मुलगी खुशीनं हसली. पवित्राही हसली म्हणतात. तिला आठवत नाही.

ती घरी पोचायच्या आधीच बावड्यात सगळं पोचलं होतं. वर्तमानपत्रात एका पानावर पदक आणि त्याच पानावर खाली सोमशेखर. गल्लीला काय, बोलायला निमित्त लागतं! "नवरा मातीत आणि ही पिस्तूल मारत उभी," असं नळावर, दळपाच्या गिरणीत, दूध डेअरीवर झालं. पण खरी आग निराळीच होती. दवाखान्यातून सोमशेखरचे कपडे घरी आले तेव्हा सदऱ्याच्या खिशाचं बटण लागलेलं होतं. रत्नव्वांनी ते काढलं. रुमालात हिरव्या काचांचा चुरा निघाला.

हंबीररावांनी पवित्राला दारापाशी सोडलं. सोपा बायकांनी भरला होता. रत्नव्वा मधोमध बसल्या होत्या आणि पुढ्यात तो रुमाल उघडा पडला होता.

"ह्या कुणाच्या?"

"माझ्या," पवित्रा म्हणाली.

"शांभवीनं सांगितलं मला सगळं. रोज काढत व्हतीस. माझ्या घरात राहून, माझ्या पाठीमागं." रत्नव्वांचा आवाज रडून रडून बसला होता. "तू तिकडं मनगट उघडं टाकलंस आणि हिकडं माझं लेकरू गेलं. आधी बांगड्या फुटल्या, मग माणूस गेला. काय सांगू मी तुला आता?"

बायकांत चुकचुक झाली. कुणाच्या तोंडून "व्हय बाई, तसंच असतंय" असं निघालं. बघा, स्कूटर ट्रॉलीवर आदळली म्हणून खिशातल्या बांगड्या फुटल्या, हे शेंबड्या पोराला कळेल. पण त्या सोप्यात शहाण्यासुरत्या बायका, त्यातल्या दोघी मास्तरणी, आणि एकीलाही ते म्हणवेना.

उंबऱ्याजवळ वरवंटा काढून ठेवला होता. राहिलेलं काम पुरं करायचं होतं. मातीच्या दिवशी सून नव्हती, म्हणून तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या वाढवायच्या राहिल्या होत्या. फोडल्या म्हणत नाहीत आपल्यात, वाढवल्या म्हणतात. भरमाप्पा खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या गळ्यात लिंग होतं. ज्या बसवण्णांचं नाव घेऊन ते गळ्यात घातलं, त्यांनी सुतक नाही, विटाळ नाही असं सांगून आठशे वर्षं झाली. भरमाप्पा दर श्रावणात पुराणाला पुढं बसून ते ऐकायचे, मान डोलवायचे. आज त्यांनी मान वर केली नाही.

"बयाबाई," रत्नव्वा म्हणाल्या, "तूच भरल्यास. तूच वाढव."

बायकांत मागं उभी असलेली बयाबाई दचकली. "मी भरतो, रत्नव्वा. फोडाय कधी कुणाकडं गेलो न्हाय मी."

"मग आज ये. तुला ठाऊक व्हतं. ढिल्या भरत व्हतीस."

बयाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. कुणीतरी तिच्या हातात वरवंटा दिला. बिचारीचं गिऱ्हाईक म्हणजे हीच गल्ली. ती पुढं आली आणि पवित्रापुढं बसली. पवित्राची डावी मूठ अजून वळलेली होती.

"शांभवी," पवित्रा म्हणाली, "पाण्याचं तपेलं आण. आणि साबण."

कुणाला काही कळेना. शांभवी डोळे पुसत उठली, घेऊन आली. पवित्रानं बळानं बोटं सरळ करून डावं मनगट पाण्यात बुडवलं, साबण लावला आणि पहिली बांगडी खेचायला लागली.

"ए, ए! काय करतीस?" रत्नव्वा ओरडल्या.

"काढतो, अव्वा. फोडू देणार न्हाय."

"तसं करत न्हाईत!"

"ते रोज काढायचे. एक बी फुटली न्हाय त्यांच्या हातनं." बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली होती. तिनं दात आवळून ओढली. सालटं निघालं, बांगडी आली. ती तिनं पाटावर ठेवली, अखंड. "अव्वा, मी चोरी केली. तुमच्या पाठीमागं काढल्या, ती माझी चूक. त्याबद्दल काय बोलायचं ते बोला मला. पण मी त्यांना मारलं न्हाय."

"मग कुणी मारलं?"

पवित्रानं दुसरी बांगडी काढली. तिचा आवाज चढला नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं ती सांगत होती.

"उजवा हात मोकळा टाकला म्हणून गेले म्हणता. डाव्या हातात तर हातभर होत्या की, अव्वा. तुम्हीच भरायला लावलेल्या. विमानात होत्या, खेळताना होत्या, आत्तापातूर हायत. मोकळ्या हातानं मारलं, तर भरल्या हातानं का राखलं न्हाय?"

एकेक करून ती काढत राहिली. तपेल्यातलं पाणी तांबूस झालं. शेवटची निघाल्यावर तिनं सगळ्या पदरात घेतल्या आणि बयाबाईच्या पुढ्यात ठेवल्या. "वरवंटा जाग्यावर ठेव, मावशी." आणि ती आत निघून गेली. त्याही दिवशी तिला रडू आलं नाही.

तुम्हांला वाटेल, एवढ्यानं गल्ली सुधारली. छे हो! सकाळी पवित्रा सायकल काढून सरावाला निघाली की समोरून येणारी शेजारीण वळून घरात जायची, पुन्हा चूळ भरून बाहेर पडायची. हळदीकुंकवाला शांभवीला बोलावणं, हिला नाही. हंबीररावांकडची पोरं शिट्ट्या मारायची बंद झाली. पवित्रा सगळं बघायची आणि लाल दिव्यासमोर उभं राहावं तशी हात खाली सोडून उभी राहायची. जेवायची, भाकरी थापायची, नेम मारायची. बोलणं मात्र कामापुरतं.

रत्नव्वा तर तिच्याशी बोलतच नव्हत्या. ताट वाढायच्या आणि तोंड फिरवायच्या. पण भरल्या हातानं का राखलं नाही, हा सुनेचा प्रश्न त्यांच्या काळजात कुसळासारखा रुतून बसला होता. देवळाला जाताना सोमशेखर गेला त्या जागी रस्त्याच्या कडेला त्या थांबायला लागल्या. पुढचा हंगाम सुरू झाला. ट्रॉल्या तशाच ओळीनं उभ्या राहायला लागल्या. एका संध्याकाळी त्या घरी आल्या आणि चप्पलसुद्धा न काढता उंबऱ्यात बसल्या.

दुसऱ्या दिवशी बयाबाई गल्लीतून हाक देत निघाली होती. वर्षभर तिनं या दाराशी पाटी उतरवली नव्हती. रत्नव्वांनी स्वतः दारात येऊन हाक मारली.

"बयाबाई, हिकडं ये. माझ्या सुनंला भर."

बयाबाईला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. आजूबाजूच्या दारांतून डोकी बाहेर आली. पवित्रा पुन्हा परदेशी स्पर्धेला निघायची होती, भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी ती बाहेर आली.

"अव्वा, नको," ती म्हणाली. "लोकं तुम्हांला बोलतील."

"बोलूंदेत." रत्नव्वांचा आवाज खरखरीत होता. "ज्या ट्रॉलीवर माझा सोमू गेला, तसल्याच धा उभ्या हायत तिथं. एकीला बी मागं दिवा न्हाय. त्या ट्रॉलीवाल्याला मी इचारायचं सोडलं, आणि तुझी मनगटं मोजत बसलो गं मी. लेकरू गेलं माझं, आणि मी बांगड्या मोजत बसलो!" त्या छाती पिटत रडायला लागल्या. मग पदरानं तोंड पुसून बयाबाईकडं वळल्या. "उजव्या हातात एक माप मोठी भर. तिला काढाय-घालाय आल्या पायजेत."

बयाबाईनं पाटी उतरवली. हिरव्या बांगड्या हातात घेतल्या आणि थांबली. तिनं विधवेला कधी बांगडी भरली नव्हती. पलीकडच्या दारात उभी असलेली बाई उद्या आपल्याकडून घेईल का? विधवेला भरलेल्या या हातांनी मग लेकीसुनांना कोण भरू देईल? वाचकहो, त्या दारांतून बघणाऱ्यांत तुम्ही-आम्ही सगळे होतो. एकीनं जरी "भर की बयाबाई" म्हटलं असतं तरी तिचा जीव भांड्यात पडला असता. कुणी म्हटलं नाही. आज तुमच्या गल्लीत असा हात पुढं आला तर तुम्ही म्हणाल का, ते तुमचं तुम्ही बघा.

पवित्रा खाली बसली आणि डावा हात पुढं केला. मूठ आपोआप वळली होती. वर्षभर हात जरा रिकामा झाला की ती अशीच वळायची.

बयाबाईनं दारांकडं पाठ केली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली.

"हात ढिला सोड, पोरी," ती म्हणाली.

पवित्रानं सोडायचा प्रयत्न केला. बोटं सुटेनात. मग एकेक करून सुटली, आणि पहिली बांगडी मनगटावर आली तेव्हा ती सासूच्या मांडीत तोंड घालून मोठमोठ्यानं रडायला लागली.